होस्टची मेमरी कागदावर वाटू नका

मा. आयुक्त, बुऱ्हाणपूर नगर निगम,
आणि मा. जिल्हाधिकारी, बुऱ्हाणपूर यांस,



या पत्राची हिंदी प्रत आपल्या दोन्ही कार्यालयांत स्वतंत्रपणे देतो आहे. इथे मराठीत लिहितो, कारण या शहरात मराठी बोलणारी घरे पुष्कळ आहेत, आणि मी मांडतो आहे तो प्रश्न तापीच्या खालच्या अंगाला रावेर, भुसावळ, जळगावच्या कार्यालयांनाही तितकाच लागू आहे.

एकाच सर्व्हरवर (होस्टवर) दहा-बारा व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालतात, तेव्हा त्या सर्व्हरची रॅम त्यांच्यात कशी वाटली जाते, ते कोण ठरवतो आणि ते कुठे लिहून ठेवले जाते, हा तो प्रश्न. माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी हा निर्णय असा कोणी घेतच नाही. सर्व्हर बसवायला आलेला तंत्रज्ञ मशीन तयार करताना मेमरीच्या रकान्यात एक आकडा भरतो आणि निघून जातो. पुढची पाच-सहा वर्षे कार्यालय त्या आकड्यावर चालते. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर, पाणीपट्टी, आवक-जावक, सगळ्यांचा वेग तिथे ठरलेला असतो, आणि खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला फक्त "सर्व्हर स्लो आहे" एवढे ऐकू येते. तो आकडा आपण स्वतः पाहावा आणि त्यावर आपली सही असावी, यासाठी हे पत्र आहे.

आत्ताच लिहिण्याला दोन कारणे आहेत. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हर्च्युअल मशीनची प्रणाली बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर महिन्याभरात एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची सोय बंद केली. दरवर्षीची वर्गणी न परवडणारी लहान कार्यालये, कॉलेजे आणि पतसंस्था तेव्हापासून केव्हीएमवर चालणाऱ्या प्रॉक्समॉक्ससारख्या खुल्या प्रणालींकडे वळत आहेत. मला ते मनापासून पटते. केव्हीएम फेब्रुवारी 2007 पासून लिनक्सच्या कर्नलचा भाग आहे आणि जगभर मुरलेले आहे. पण जुन्या प्रणालीत मेमरीची काटकसर ज्या रीतीने आपोआप होत होती, ती रीत नव्या प्रणालीत तशीच्या तशी नसते. आकडे मात्र जुनेच उचलून आणले जातात.

दुसरे कारण किमतीचे. 2025 च्या उत्तरार्धात एआयच्या सर्व्हरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की रॅमच्या किमती भडकल्या. 3 डिसेंबर 2025 रोजी मायक्रॉनने तर क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला जुना ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. रॅम महाग झाली की आहे त्याच सर्व्हरवर आणखी दोन मशीन बसवण्याचा मोह होतो, आणि कागदावर ती बसतातही. सॉफ्टवेअर अडवत नाही. 64 जीबीच्या होस्टवर 16 जीबीच्या सहा व्हीएम तयार करता येतात आणि सहाही सुरू होतात. पुढे काय होते ते सुरू होताना दिसत नाही, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

व्हीएमच्या वाटणीत प्रोसेसर आणि मेमरी यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. प्रोसेसर म्हणजे वेळ. आठ कोअरच्या होस्टवर व्हीएमना मिळून चोवीस कोअर दाखवले तरी प्रत्येकीला आळीपाळीने पाळी मिळते. गर्दीच्या वेळी सगळ्याच थोड्या हळू चालतात आणि गर्दी ओसरली की सावरतात. मेमरी म्हणजे जागा. एका व्हीएमने भरलेली जागा दुसरीला द्यायची तर आधी तिच्यातला मजकूर कुठेतरी हलवावा लागतो किंवा टाकून द्यावा लागतो. त्यामुळे प्रोसेसरची उदार वाटणी सहसा निभते, मेमरीची अंगावर येते. हा फरक माहीत असलेला अधिकारी निम्मी चूक तिथेच टाळतो.

पावरलूमच्या मोहल्ल्यात ट्रान्सफॉर्मरचा हिशेब पोरासोरांनाही ठाऊक असतो. साऱ्या कारखान्यांच्या मंजूर लोडची बेरीज ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेहून जास्त असली तरी काम चालते, कारण सगळे लूम एकाच क्षणी पूर्ण भारावर नसतात. मेमरीचे ओव्हरकमिट, म्हणजे असलेल्या रॅमहून जास्त वाटप, याच भरवशावर चालते. पण लूम थांबवला की त्याची वीज त्याच क्षणी मोकळी होते. मेमरीचे तसे नाही. व्हीएममधले लिनक्स एकदा वाचलेली फाइल रॅममध्ये कॅशे म्हणून धरून ठेवते, कारण रिकामी रॅम त्याच्या दृष्टीने वाया गेलेली रॅम असते. रात्री काम संपले, सगळे घरी गेले, तरी बाहेरून होस्टला ती व्हीएम भरलेलीच दिसते. आतल्या प्रोग्रामने जागा सोडली तरी व्हीएमने सांगितल्याशिवाय होस्टला ते कळत नाही. व्हीएमने आपली मोकळी पेजेस, म्हणजे रॅमचे छोटे तुकडे, स्वतःहून होस्टला कळवायची सोय लिनक्समध्ये 2020 साली 5.7 या आवृत्तीत आली, आणि ती मुद्दाम चालू करावी लागते.

लूमवाल्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते: वीज जाऊन परत आली की सगळे एकदम बटण दाबतात. सर्व्हरवरही तेच घडते. यूपीएस संपून होस्ट बंद पडला आणि पुन्हा चालू झाला की सगळ्या व्हीएम एकाच वेळी उठतात. विंडोजची व्हीएम उठताना आपल्याला दाखवलेली जवळजवळ सगळी रॅम शून्याने पुसून घेते, म्हणजे एकदा तरी प्रत्येक पेजला हात लावते. एरवी 5 जीबीत सुखाने चालणारी 16 जीबीची व्हीएम त्या दोन-चार मिनिटांत खरोखर 16 जीबी मागते. वर्षभर निभलेले ओव्हरकमिट नेमके वीज आल्याच्या त्या सकाळी फसते. व्हीएम एकामागून एक, मध्ये अंतर ठेवून सुरू करण्याची सेटिंग प्रत्येक प्रणालीत असते. ती करायला एक पैसा लागत नाही, तरी ती केलेली क्वचित दिसते.

हिशेब कसा मांडला जातो हेही पाहा. 128 जीबीचा होस्ट आहे आणि त्यावर 12 जीबीच्या बारा व्हीएम आहेत, एकूण 144. पुरवठादार म्हणेल, 144 भागिले 128, म्हणजे सव्वाच्याही आतले गुणोत्तर. ऐकायला निरुपद्रवी वाटते. पण होस्टला स्वतःसाठी काही लागते, प्रत्येक व्हीएमच्या देखरेखीसाठी वेगळी थोडी लागते, आणि डिस्कसाठी झेडएफएस ही फाइल सिस्टम वापरली असेल तर त्याचे कॅशे रॅममध्येच राहते. लिनक्सवर झेडएफएसच्या कॅशेची ठरलेली कमाल मर्यादा बराच काळ होस्टच्या रॅमच्या निम्मी होती. प्रॉक्समॉक्सने अलीकडच्या आवृत्तीत नव्या बसवणीसाठी ती खाली आणली, पण जुन्या होस्टवर ती अजून तशीच असू शकते. होस्टला 8 आणि कॅशेला 16 जीबी धरले तर वाटायला उरतात 104. मग गुणोत्तर 1.38 होते. जुन्या मर्यादेने कॅशे 64 पर्यंत फुगले तर किती होईल ते आपणच काढा. हे कॅशे गरज पडल्यास मागे हटते असे सांगितले जाते; हटते खरे, पण व्हीएमला जागा हव्या असलेल्या क्षणी ते तितक्या चपळाईने हटेलच असे नाही. म्हणून निविदेत गुणोत्तर लिहिताना छेदात कोणता आकडा घेतला ते लिहिलेच पाहिजे.

जागा कमी पडली की हायपरव्हायजरपुढे, म्हणजे होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे, काही उपाय असतात. ते सगळे सारखे नाहीत.

पहिला उपाय एकसारखी पेजेस एकत्र करण्याचा. रॅम साधारण 4 किलोबाइटच्या तुकड्यांत, म्हणजे पेजेसमध्ये, वापरली जाते. एकाच विंडोजच्या दहा व्हीएम असतील तर हजारो पेजेस शब्दशः सारखी असतात; त्यांची एकच प्रत ठेवून बाकीची जागा वाचवता येते. लिनक्समध्ये केएसएम नावाने ही सोय डिसेंबर 2009 मध्ये, 2.6.32 या आवृत्तीबरोबर आली. कॉलेजच्या लॅबसाठी ती उत्तम आहे: तीस विद्यार्थ्यांना एकाच साच्यातल्या तीस व्हीएम द्यायच्या असतील तर केएसएम थोडा प्रोसेसर खाऊन बरीच रॅम परत देते. पण जिथे निरनिराळ्या विश्वासाची माणसे एका होस्टवर आहेत तिथे ती बंद ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. आपले पेज शेजारच्या व्हीएमशी एकत्र झाले आहे की नाही हे लिहिण्याच्या वेळेतल्या सूक्ष्म फरकावरून ओळखता येते, आणि त्यावरून शेजाऱ्याकडे काय आहे याचा अंदाज बांधता येतो. व्हीएमवेअरने याच काळजीपोटी 2014 मध्ये निरनिराळ्या व्हीएममधली पेजेस एकत्र करणे ठरलेल्या सेटिंगमधून काढून टाकले. 2016 मध्ये अॅमस्टरडॅमच्या व्राए विद्यापीठाच्या संशोधकांनी याच एकत्रीकरणाचा आणि रॅमच्या चिपमधल्या एका दोषाचा मेळ घालून शेजारच्या व्हीएमच्या मेमरीतले बिट बदलून दाखवले. मतदारयादी, निविदांची कागदपत्रे आणि प्रशिक्षणार्थींचा सराव एकाच होस्टवर असेल, तर थोडी रॅम वाचवण्यासाठी हा धोका घेण्याचे काहीच कारण नाही.

दुसरा उपाय बलूनिंगचा, आणि माझ्या मते या क्षेत्रातली ती सर्वांत सुंदर कल्पना आहे. होस्टला बाहेरून कळत नाही की व्हीएममधले कोणते पेज मोलाचे आणि कोणते फुकट. ते फक्त आतल्या ऑपरेटिंग सिस्टमला ठाऊक असते. म्हणून व्हीएमच्या आत एक छोटा ड्रायव्हर बसवतात. होस्टला जागा हवी झाली की तो ड्रायव्हर फुग्यासारखा फुगतो, म्हणजे आपल्याच सिस्टमकडे मेमरी मागतो. सिस्टम तिच्या समजुतीने सर्वांत निरुपयोगी पेजेस सोडून देते, आणि ड्रायव्हर ती जागा होस्टच्या हवाली करतो. काय सोडायचे हे ज्याला कळते त्याच्याकडेच निर्णय राहतो. ही युक्ती कार्ल वाल्डस्पर्गर यांनी 2002 च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला भरलेल्या परिषदेत व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरवरच्या निबंधात मांडली. आजच्या केव्हीएममध्येही तीच पद्धत चालते. प्रॉक्समॉक्स होस्टची रॅम साधारण 80 टक्क्यांवर गेली की आपोआप बलून फुगवू लागते, अट एवढीच की व्हीएमला किमान आणि कमाल असे दोन वेगळे आकडे दिलेले असावेत.

बलूनिंगला मर्यादा आहेत आणि त्या निविदेच्या भाषेत कधी येत नाहीत. विंडोजच्या व्हीएममध्ये ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. तो नसेल तर सेटिंग केवळ शोभेची. डेटाबेसने आपली जागा आधीच अडवून घेतलेली असेल तर तिथून निघण्याजोगे फारसे नसते, आणि बळे काढले तर आतल्या आत स्वॅपिंग, म्हणजे पेजेस डिस्कवर टाकणे, सुरू होते. ग्राफिक्स कार्ड थेट जोडलेल्या व्हीएमची सगळी मेमरी होस्टमध्ये खिळवलेली असते. तिथून बलून काहीच काढू शकत नाही. आणि बलूनला वेळ लागतो. हळूहळू वाढणाऱ्या ताणाला तो पुरतो, सकाळी साडेदहाला एकदम आलेल्या लाटेला पुरत नाही.

तेव्हा उरतो तिसरा उपाय: होस्टने स्वतःच व्हीएमची पेजेस डिस्कवर टाकणे. इथपर्यंत येऊ नये यासाठीच बाकी सगळी धडपड आहे. रॅममधून वाचायला सुमारे 100 नॅनोसेकंद लागतात, बऱ्या एसएसडीवरून सुमारे 100 मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट, आणि फिरत्या हार्डडिस्कवरून कित्येक मिलिसेकंद. त्यात कोणती पेजेस टाकायची ते होस्ट आंधळेपणाने निवडतो. होस्टने आधीच डिस्कवर टाकलेले पेज नेमके व्हीएमलाही टाकावेसे वाटते, आणि मग ते केवळ पुन्हा लिहिण्यासाठी आधी डिस्कवरून रॅममध्ये आणावे लागते. या दुहेरी ओढाताणीत व्हीएमच्या आत पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते: प्रोसेसर मोकळा, मेमरी मोकळी. काम मात्र पुढे सरकत नाही. तक्रार करणाऱ्या कारकुनावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण त्याच्या पडद्यावर काहीच बिघडलेले नसते. अशी दुपार मी एका संस्थेत पाहिली आहे. तिथली माणसे चांगली होती, सर्व्हरही चांगला होता. रॅमचा हिशेब तेवढा कोणी केला नव्हता.

आणि डिस्कवरही जागा नसेल, किंवा स्वॅप बंदच ठेवले असेल, तर लिनक्सचा कर्नल कोणत्या तरी प्रोग्रामचा बळी घेतो. केव्हीएममध्ये प्रत्येक व्हीएम होस्टच्या दृष्टीने एकच प्रोग्राम असते. कर्नलची निवड मुख्यतः कोणी किती मेमरी व्यापली आहे यावर होते. कार्यालयात सर्वांत जास्त मेमरी व्यापणारी व्हीएम कोणती? मुख्य डेटाबेसची. म्हणजे काहीच ठरवले नाही तर ताणाच्या क्षणी सर्वांत महत्त्वाची व्हीएम पहिली जाते, आणि सरावासाठी केलेली, कोणी विसरून गेलेली छोटी व्हीएम शाबूत राहते. हा क्रम बदलता येतो. प्रत्येक प्रोग्रामला उणे 1000 ते अधिक 1000 यांमधला एक आकडा देऊन कर्नलला सांगता येते की कोणाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. संकटात कोणते काम थांबले तर चालेल हा प्रश्न प्रशासनाचा आहे. पूर आला तर आधी कोणते गाव हलवायचे हे आपण आधी ठरवून ठेवता. इथेही तसाच लेखी क्रम हवा, आणि तो आपणच द्यायला हवा.

मग प्रत्येक व्हीएमला किती द्यावे? इथे मला थोडे मागे जावेसे वाटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला टिफ्रॅक हा संगणक 1960 मध्ये कार्यान्वित झाला. त्याची मुख्य मेमरी 40 बिटांच्या 2048 शब्दांची होती, म्हणजे 10 किलोबाइट, आजच्या अडीच पेजेसइतकी. तेवढ्यात वैज्ञानिकांनी खरे काम केले, कारण प्रत्येक शब्द कशासाठी लागतो ते त्यांना मोजून ठाऊक होते. 1968 मध्ये पीटर डेनिंग यांनी याच मोजणीला नेमके रूप दिले: एखाद्या कामाला दिलेली मेमरी आणि ठरावीक काळात ते काम खरोखर ज्यांना हात लावते ती पेजेस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाटणी दुसरीवर व्हायला हवी. वाल्डस्पर्गर यांच्या ईएसएक्समध्ये ही मोजणी चालत्या सर्व्हरवर होऊ लागली. दर तीस सेकंदांत प्रत्येक व्हीएमची शंभर पेजेस यादृच्छिक निवडून त्यांतल्या कितींना हात लागला ते पाहायचे, आणि त्यावरून अंदाज बांधायचा. निपचित धरून ठेवलेल्या मेमरीवर चक्क कर लावला होता. ठरलेला दर 75 टक्के, म्हणजे न वापरता अडवलेल्या पेजची किंमत वापरातल्या पेजच्या चौपट धरायची, आणि टंचाई आली की आधी अशांकडून परत घ्यायचे.

सरकारी कार्यालयांत नेमके उलटे होते. विभाग 32 जीबी मागतो, कारण पुढे लागली तर मिळेल याची त्याला खात्री नसते. एकदा मिळालेले कोणी परत देत नाही. यात विभागाचा दोष मी मानत नाही. वाढीव मेमरी मागायला तीन टेबलांवरून फाइल जाणार असेल तर कोणीही आधीच जास्त मागेल. चालत्या व्हीएमला मेमरी वाढवून देणे आजच्या प्रणालींत सोपे आहे, काढून घेणे अवघड. म्हणून सुरुवात कमी आकड्याने व्हावी, महिनाभर मोजणी व्हावी, आणि लागेल तेव्हा दोन दिवसांत वाढवून मिळेल अशी लेखी हमी विभागाला असावी. ती हमी असेल तर साठेबाजी आपोआप कमी होते, आणि नवा सर्व्हर घेण्याची वेळ पुढे जाते.

मोजताना चुकीच्या आकड्याने घाबरू नये. लिनक्समध्ये 'फ्री' या आकड्यात अगदी रिकामी रॅमच दिसते आणि ती नेहमी थोडी असते, कारण उरलेली कॅशेत असते. पाहायचा आकडा 'अव्हेलेबल' हा. तो 2014 पासून कर्नल स्वतःच देतो. होस्टवर पाहायचा आकडा त्याहून महत्त्वाचा: मेमरीची वाट पाहण्यात कामांचा किती टक्के वेळ गेला. लिनक्स 4.20 पासून, म्हणजे 2018 च्या अखेरपासून, कर्नल ते थेट सांगतो. हे प्रमाण सतत वाढत असेल तर होस्ट कितीही मोकळा दिसला तरी त्यावर नवे काहीही चढवू नये.

दोन सर्व्हर घेतले की निश्चिंत झालो, असा समज फार पसरला आहे, म्हणून त्याबद्दलही लिहितो. एक बंद पडला तर त्यावरच्या व्हीएम दुसऱ्यावर उठतील, हे बरोबर. पण दुसऱ्यावर तेवढी रॅम रिकामी असेल तरच. दोन्ही होस्ट 70 टक्के भरलेले असतील तर एक पडल्यावर दुसऱ्याला 140 टक्के भार उचलायचा आहे. तो एकतर उचलला जात नाही किंवा उचलून दुसराही गुदमरतो. दोन होस्टच्या रचनेत प्रत्येकावर व्हीएमना हमीने दिलेली मेमरी निम्म्याच्या आत राहिली पाहिजे, तीन होस्ट असतील तर दोन-तृतीयांशाच्या आत. खरेदीच्या वेळी ही निम्मी रिकामी रॅम लेखापरीक्षकाला उधळपट्टी वाटते. तेव्हा ती कशासाठी आहे हे टिपणीत लिहून आपण तिचे संरक्षण केले पाहिजे. डिसेंबर 2023 मध्ये आपल्या राज्याच्या ई-नगरपालिका प्रणालीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा राज्यभरातल्या नगरपालिकांची ऑनलाइन कामे एकदम अडली होती. कारण वेगळे होते, पण सगळे एका ठिकाणी असणे आणि ते ठिकाण बंद पडणे म्हणजे काय, हे आपण त्या दिवसांत पाहिले आहे.

माझे स्वतःचे मत स्पष्ट सांगतो. नागरिकांच्या नोंदी, कर आणि पैसा हाताळणाऱ्या व्हीएमसाठी ओव्हरकमिट मुळीच नको. त्यांना दिलेला प्रत्येक जीबी होस्टवर राखून ठेवलेला असावा, बलून बंद, केएसएम बंद. लॅब, प्रशिक्षण आणि चाचणीसाठी वेगळा होस्ट ठेवून तिथे दीडपट वाटप खुशाल करावे, सगळ्या काटकसरी चालू करून. या दोन जाती एका होस्टवर मिसळू नयेत. यात रॅम थोडी जास्त लागेल. ज्यांना सगळ्यांना एकत्र ठेवून गुणोत्तर हुशारीने सांभाळायचे आहे, त्यांची बाजू मला माहीत आहे, आणि मोठ्या केंद्रात चोवीस तास माणसे बसलेली असतात तिथे ती बरोबरही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तशी माणसे नसतात. इथे जे आपोआप सुरक्षित राहील तेच टिकते.

आपल्या जिल्ह्याने एक काम करून दाखवले आहे, त्याची आठवण देतो. जुलै 2022 मध्ये बुऱ्हाणपूर देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला. त्या वेळी 254 गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून पाणी घरापर्यंत आल्याचे सांगितले होते. टाकी बांधल्याचा दाखला तिथे पुरेसा मानला गेला नाही. संगणकाच्या खरेदीतही मला तेवढेच हवे आहे: सर्व्हरमध्ये किती रॅम बसवली याच्या दाखल्यावर पैसे चुकते होऊ नयेत; प्रत्येक विभागाने आपल्या व्हीएमला कबूल केलेली मेमरी गर्दीच्या तासाला खरोखर मिळाली, असे सहीनिशी सांगितल्यावर व्हावेत.

पुढच्या निविदेत त्यासाठी एवढा मजकूर घाला: "प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची हमीची मेमरी आणि कमाल मेमरी वेगवेगळी नमूद करावी, होस्टच्या स्वतःच्या वापराची व कॅशेची मेमरी वजा करूनच गुणोत्तर काढावे, एक होस्ट बंद करून आणि सर्व मशीन पुन्हा सुरू करून चाचणी विभागप्रमुखांसमोर द्यावी, मेमरीच्या टंचाईत कोणते मशीन आधी थांबवायचे याचा क्रम कार्यालय लेखी देईल." ही चाचणी घ्यायला अर्धा दिवस लागतो. ती घेण्याच्या दिवशी मला बोलावलेत तर मी विनामूल्य येईन, आणि या शहरात असे येऊ शकणारे तरुण आणखीही आहेत.

आपला,
सर्व्हर सांभाळणारा एक नागरिक,
बुऱ्हाणपूर